रेशमाचा भाव कोण ठरवत होतं?

लग्नसराईत एखाद्या बड्या घरच्या सोहळ्याचे फोटो फिरायला लागले, की आपल्याकडे एक ठरलेलं भांडण सुरू होतं. एक बाजू म्हणते, पैसा त्यांचा, हौस त्यांची, तुमच्या पोटात का दुखतं? शिवाय त्या एका शालूपायी किती विणकरांच्या चुली पेटल्या ते बघा की. दुसरी बाजू तेवढ्यात क्रांतीआधीच्या फ्रान्सच्या राणीला, मारी आंत्वानेतला, हाक मारते. पाव मिळत नसेल तर केक खा म्हणणारी रेशमातली राणी, आणि पुढे तिचं काय झालं हे सुचवणारा एक तिरका टोमणा. (ते वाक्य तिचं नव्हे. विचारवंत रूसोने ते कुणा अनाम राजकन्येच्या तोंडी घालून लिहिलं, तेव्हा मारी आंत्वानेत ऑस्ट्रियात लहानाची मोठी होत होती. मूळ शब्दही केक नाही, ब्रिओश आहे, म्हणजे लोणी-अंडी घातलेला पाव. पण ते असो.) माझी तक्रार वेगळी आहे. ज्या फ्रान्सचा दाखला दिला जातो, तिथे हाच वाद अठराव्या शतकात शहाण्यासुरत्या माणसांनी घातला आणि ल्यों नावाच्या शहराने तो अंगावर काढला. त्या शहराकडे मात्र दोघंही बघत नाहीत. माझं म्हणणं थोडक्यात असं: रेशीम नेसणारीची चैन बरी की वाईट, हा प्रश्नच फसवा आहे. विणणाऱ्याला वारामागे किती मिळत होतं, तो दर कोण ठरवत होतं, आणि मागणी थांबली की नुकसान कुणाच्या डोक्यावर पडत होतं, हे विचारल्याशिवाय चैनीचं समर्थनही पोकळ आणि निषेधही.

आधी तो धंदा कसा चालायचा ते पाहू, कारण खरी गोम तिथेच आहे. १५३६मध्ये राजा पहिला फ्रान्स्वा याने इटलीहून आलेल्या व्यापाऱ्यांना ल्योंमध्ये रेशीम विणण्याची सनद दिली. इटलीकडे जाणारा पैसा घरात राहावा हा हेतू. १६६७मध्ये चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने या धंद्याला काटेकोर नियमांत बांधलं: कापडाचा पन्हा किती, ताण्यात धागे किती, सगळं लिखित. नक्षीचं कापड विणणं म्हणजे कसलं काम होतं, हे येवल्यात पैठणीच्या मागाशेजारी घटकाभर बसलेल्याला फार समजावून सांगावं लागणार नाही. पदरात रंग भरताना जशा रंगागणिक वेगळ्या तिल्ल्या फिरतात, तसे ल्योंच्या जरीनक्षीतही प्रत्येक रंगाचे छोटे धोटे त्या त्या फुलापुरतेच जात आणि परत येत. दिवसभरात बोटांनी मोजावं एवढंच कापड पुढे सरके. फरक एवढाच, की तिथे विणकराच्या जोडीला मागाच्या कडेला आणखी एक जीव असे, दोऱ्या ओढणारी मुलगी. नक्षीप्रमाणे ताण्याचे धागे गटागटाने उचलायचे, तर शिशाची वजनं लटकवलेल्या दोऱ्यांचा अख्खा भार तिने खेचून धरायचा, आडवा धागा गेला की सोडायचा, पुन्हा खेचायचा. या मुली बहुधा आसपासच्या डोंगरी, गरीब मुलखातून येत. झोपायला मागाच्याच खोलीतला माळा. ज्या वेलबुट्टीकडे बघून व्हर्सायच्या राजवाड्यातल्या दालनात माना डोलत, त्या वेलबुट्टीची प्रत्येक ओळ अशा एखाद्या पोरीच्या खांद्यातून गेलेली असे.

आता समर्थकांच्या बाजूने जेवढं बोलता येईल तेवढं प्रामाणिकपणे बोलतो, कारण त्यांचा मुद्दा दिसतो तेवढा बाळबोध नाही. माँतेस्क्यू या विचारवंताने १७४८मध्येच लिहून ठेवलं होतं, की राजेशाहीत श्रीमंतांनी भरपूर खर्च केला नाही तर गरीब उपाशी मरतील. ल्योंपुरतं हे अक्षरशः खरं होतं. क्रांतीच्या आधीच्या दशकात दीड लाखाच्या आसपास वस्तीच्या या शहरात रेशमाचे माग चौदा हजारांच्या घरात होते. कताई, रंगाई, कांड्या भरणं, नक्षीचे आराखडे काढणं ही कामं धरली, तर घरटी कुणी ना कुणी रेशमावर जगत होतं. राजघराण्यात कुणी गेलं की दरबार सुतकात जाई, रंगीत रेशीम पेटीत आणि काळी लोकर अंगावर, आणि चारशे-साडेचारशे किलोमीटरवर ल्योंमधले माग थांबत. कुठल्या तरी दूरच्या राजपुत्राच्या मरणाने आपली चूल विझते, हे त्या विणकरांना पाठ होतं. ही रड इतकी खरी होती, की १७१६मध्ये सुतकाची मुदतच हुकूम काढून निम्म्यावर आणावी लागली. ज्या शहराला राणीचं नटणं म्हणजे भाकरी आणि राणीचं सुतक म्हणजे उपास, त्या शहरासमोर उभं राहून ‘चैन पाप आहे’ असं प्रवचन कोण करणार?

दुसरी कबुली याहून महत्त्वाची आहे. कापड हे विषमतेचं प्रदर्शन असतं, हे तर आहेच. पण जुन्या फ्रान्समध्ये ते विषमतेला पडलेलं भगदाडही होतं. कुणी काय नेसावं याचे कायदे तिथे तेराव्या शतकापासून निघत होते, मखमल कुणाला, किरमिजी रंग कुणाला, सोनेरी कलाबूत कुणाला. आणि ते पुन:पुन्हा काढावे लागत होते, याचाच अर्थ कुणी पाळत नव्हतं. निबंधकार माँतेनने सोळाव्या शतकात या कायद्यांची छान टर उडवली आहे: जी गोष्ट फक्त राजपुत्रांना म्हणून राखून ठेवाल, तिची हाव सगळ्यांना लागेल, दुसरं काय होणार? अठराव्या शतकात पॅरिसमध्ये मेलेल्या माणसांच्या चीजवस्तूंच्या याद्या पाहिल्या, तर मोलकरणींच्या आणि नोकरांच्या पेटाऱ्यातही रेशमी वस्त्रं सापडतात. मालकिणीने उतरवलेली, जुन्या बाजारातून घेतलेली. रस्त्यात बाई समोरून आली तर ती सरदारीण की तिची दासी, हे कळेनासं झालं म्हणून उच्चभ्रू लोक कुरकुरत होते. तेव्हा रेशीम म्हणजे निव्वळ जुलूम, असं म्हणणाऱ्याने त्या दासीलाही विचारावं.

पण थोडं थांबून बघा, हे भगदाड किती मोठं होतं? मे १७८९. धर्मगुरू, सरदार आणि बाकी सगळी जनता, अशा तिन्ही वर्गांचे प्रतिनिधी व्हर्सायला जमणार. आदल्या सगळ्या शतकात पोशाखाच्या सीमा पुसट झाल्या होत्या ना? तर दरबाराने फर्मान काढलं: सरदारांनी सोनेरी किनारीचा रेशमी पोशाख आणि पिसांची टोपी घालावी, तिसऱ्या वर्गाने काळ्या साध्या कापडाचा कोट आणि बिनफितीची, बिनबटणाची टोपी. त्या काळ्या रांगेत बडे वकील होते, सावकार होते, कित्येक सरदारांना विकत घेतील एवढे पैसेवाले होते. आदल्या दिवशीपर्यंत ते हवं ते रेशीम घालत होते. पण हक्कांची वेळ आली, तशी कापडाने मिळालेली बरोबरी एका कागदाने उतरवून ठेवली. कारण साधं आहे. सरदार हा रेशमामुळे सरदार नव्हता. ‘ताय’ नावाचा मुख्य प्रत्यक्ष कर त्याला द्यावा लागत नव्हता आणि त्याच्या कुळांना द्यावा लागत होता, म्हणून तो सरदार होता. दासीच्या अंगावर रेशीम आलं तरी तिच्या बापाच्या शेतावरचा कर तसाच राहिला.

रूसोला हे नेमकं दिसलं होतं. गंमत म्हणजे त्याची ही बाचाबाची झाली ती ल्योंच्याच एका विद्वानाशी, बोर्द नावाच्या, आणि रूसो स्वतः तरुणपणी ल्योंमध्ये शिकवणीला राहून गेलेला. चैनीमुळे गरिबाला काम मिळतं, या युक्तिवादाला त्याने उत्तर दिलं: चैन शहरात शंभर गरीब पोसते आणि खेड्यात लाखभर मारते. आमच्या केसांच्या टोपांना पावडर लागते, म्हणून कितीएकांना भाकरी मिळत नाही. (ती पावडर पिठापासून होई, हे लक्षात घेतलं की वाक्याची धार कळते.) सरदाराने ल्योंला दिलेला पैसा आभाळातून पडलेला नव्हता. तो कुळांच्या खंडातून, मिठावरच्या करातून, राजाच्या तिजोरीतून मिळणाऱ्या तनख्यातून आलेला होता. आपल्याकडे याला नेमकी म्हण आहे, आयजीच्या जिवावर बायजी उदार. तोच पैसा शेतकऱ्याकडे राहिला असता तर त्याने मखमल घेतली नसती, जाडीभरडी लोकर घेतली असती, पण तीही कुणीतरी विणलीच असती. ‘रोजगार दिला’ म्हणणारे ही दुसरी, न झालेली खरेदी कधी मोजत नाहीत.

रूसोशी माझं इथपर्यंत जमतं. पुढे नाही. कारण त्याच्या उत्तरात ल्योंचा विणकर हा फक्त एक आकडा आहे, त्या शंभरांपैकी एक. त्या विणकराला स्वतःला काय हवं होतं, हे कुणी विचारलं? विचारायची गरजच नव्हती, तो ओरडून सांगत होता. ऑगस्ट १७८६मध्ये ल्योंचे विणकर रस्त्यावर आले, तेव्हा त्यांनी राणीचा पोशाख उतरवा असं म्हटलं नाही. सरदार हटवा असंही नाही. त्यांनी वारामागे दोन सू वाढवून मागितले. वीस सूंचा एक लिव्र, हे तेव्हाचं फ्रेंच चलन. त्यात आर्चबिशपने दारूविक्रीवरचा आपला जुना हक्क नेमका तेव्हाच उगारल्यामुळे गुत्ते बंद पडले, टोप्या बनवणारे कारागीरही बाहेर पडले आणि दंगल भडकली. शहराच्या कारभाऱ्यांनी घाबरून वाढ कबूल केली. मग फौज आली. तिघांना फासावर चढवलं. आणि सप्टेंबरमध्ये राजाच्या मंडळाने तो दर रद्द करून ठरवलं, की यापुढे मजुरी मालक आणि कारागीर यांनी आपापसात राजीखुशीने ठरवावी. या हुकमाची मजा बघा. ताण्यात किती धागे असावेत हे ठरवायला शंभर वर्षांहून अधिक काळ सरकारला संकोच वाटला नव्हता. पन्हा अर्धं बोट कमी भरला तर दंड होता. पण धागे टाकणाऱ्याला किती द्यावं, हा प्रश्न आला तशी सरकारला एकाएकी स्वातंत्र्याची आठवण झाली!

फक्त अंदाज यावा म्हणून एक हिशेब मांडतो. मारी आंत्वानेतला कपड्यांसाठी वर्षाला १ लाख २० हजार लिव्रांची नेमणूक होती, आणि १७८५मध्ये खर्च झाला सुमारे २ लाख ५८ हजार. नेमणुकीपेक्षा जास्त झालेली नुसती रक्कम धरली, तरी ती १ लाख ३८ हजार लिव्र, म्हणजे साडेसत्तावीस लाखांहून जास्त सू होते. वारामागे दोन सूंच्या हिशेबाने त्यात तेरा लाखांहून अधिक वार कापडाची मजुरीवाढ भागली असती. आता कुणी म्हणेल, बघा, राणीनेच विणकराला लुटलं. मी तसं म्हणत नाही. राणीने दुप्पट-तिप्पट रेशीम घेतलं असतं तरी ते दोन सू विणकराच्या हातात पडले नसते. मध्ये व्यापारी उभा होता. कच्चं रेशीम त्याचं, आराखडा त्याचा, गिऱ्हाईक त्याचं. माग मात्र विणकराचा, खोलीचं भाडं विणकराचं, दोऱ्या ओढणाऱ्या मुलीचं खाणं विणकराचं. गिऱ्हाईक आलं की नफा वर जाई, सुतक लागलं की भाड्याचा बोजा खालीच राही. हा उतार चैनीने बनवला नव्हता, नियमांनी बनवला होता. १७४४मध्ये याच शहरात व्यापाऱ्यांच्या सोयीची नियमावली लादली, तेव्हाही उठाव झालाच होता. ती करण्यात हात असलेला प्रसिद्ध यंत्रकार व्होकांसाँ याला शहर सोडून पळावं लागलं.

आणि पैसे वर तरी वेळेवर येत होते का? सरदारांचं रेशीम बहुतेक उधारीवर असे. शिंप्याचं बिल भरणं हे त्या वर्गात काहीसं हलकंच मानलं जाई. जुगाराचं कर्ज मात्र इभ्रतीचं, ते दुसऱ्या दिवशी फिटे. १७८२मध्ये गेमेने नावाच्या राजपुत्राचं दिवाळं निघालं, तीन कोटी लिव्रांहून मोठं. त्याची बायको राजघराण्यातल्या मुलांची मुख्य पालक, म्हणजे घर केवढं मोठं! बुडालेल्यांत ब्रिटनीकडचे खलाशी, द्वारपाल, चाकरमाने असे कित्येक लहान जीव होते, ज्यांनी आयुष्याची पुंजी त्या नावाच्या भरवशावर ठेवली होती. श्रीमंताची चैन गरिबाला पोसते म्हणतात. इथे कोण कुणाला पोसत होतं?

आता मोर्चा दुसऱ्या बाजूकडे वळवतो, कारण साधेपणाचं कौतुक करणाऱ्यांनाही इतिहासाने एक झणझणीत धडा दिलेला आहे. १७८३च्या चित्रप्रदर्शनात व्हिजे ल ब्रं या चित्रकर्तीने राणीचं एक चित्र मांडलं. राणीच्या अंगावर ना जरी, ना घेर. पांढऱ्या मलमलीचा सैल झगा, कमरेला पट्टा, डोक्यावर गवती टोपी. लोकांनी खूश व्हावं की नाही? गदारोळ झाला. राणी आतल्या कपड्यांत बसली आहे, असं म्हणत चित्र उतरवायला लावलं आणि त्याच ढबीतलं रेशमी पोशाखातलं दुसरं चित्र लागलं. वर आरोप असा, की ही परदेशी बाई ल्योंचा धंदा बुडवायला निघाली आहे. आरोपामागे द्वेष होता, पण भीती खोटी नव्हती. दरबारी बायकांनी मलमल उचलली आणि रेशमाची मागणी खरोखरच घसरली. म्हणजे नटली तर उधळी, साधी राहिली तर चुली विझवणारी. आणि ती मलमल तरी कुठली? तेव्हा उत्तम मलमल मुख्यतः हिंदुस्थानातून जात असे, त्यातही बंगालमधून. त्याच बंगालमध्ये प्लासीनंतर इंग्रज कंपनीचे गुमास्ते विणकरांना जबरदस्तीने आगाऊ रकमा देऊन आपल्या दराला बांधून घेत होते. अंगावर साधं दिसणारं कापड आणखी लांबच्या, आणखी हतबल विणकराच्या मागावरून आलं होतं. याच फ्रान्सने हिंदुस्थानी छिटांवर १६८६ ते १७५९ बंदी घातली होती, ती रेशीम-लोकरवाल्यांच्या धंद्यासाठी. तेव्हाही छीट नेसणारी बाई गुन्हेगार होती. बाईच्या अंगावरच्या कापडात सगळ्या देशाचं अर्थकारण शोधायची ही खोड फार जुनी आहे, आणि लग्नाच्या फोटोंखाली ती आजही तशीच्या तशी दिसते.

क्रांतीने मग हिशेब एकदाच चुकता करायचा प्रयत्न केला. सरदार देश सोडून पळाले, रेशमी तंग तुमानी संशयास्पद ठरल्या, लांब साध्या विजारी म्हणजे देशभक्ती झाली. १७९३मध्ये ल्यों पॅरिसविरुद्ध उठलं, वेढा पडला, शहर पडलं. मग शहराचं नावसुद्धा पुसून ‘मुक्त नगर’ ठेवलं गेलं आणि काही महिन्यांत अठराशेवर माणसं मारली गेली. त्यांत देनी मोने होता. हा कुणी सरदार नव्हे. १७८६च्या आंदोलनात विणकरांच्या बाजूने पुढे असलेला विणकरच. राजाच्या राज्यात वाचलेला हा माणूस समतेच्या राज्यात गिलोटिनखाली गेला. माग निम्म्याहून जास्त थंड पडले. रेशीम गेलं, विषमता गेली का?

ती गेली नव्हती, हे दाखवायला पुढची चाळीस वर्षं पुरली, आणि माझ्या मते सगळ्या वादाचा निकाल याच चाळीस वर्षांत लागतो. नेपोलियनने दरबारात रेशीम परत आणलं, राजवाड्यांसाठी ल्योंला मोठमोठी कामं दिली. जाकारचं यंत्र आलं, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी ताण्याचे धागे आपोआप उचलले जाऊ लागले आणि दोऱ्या ओढणारी मुलगी मागापासून सुटली. ही निखळ चांगली गोष्ट होती, ती चैनीच्या धंद्यातून आली हेही मान्य. पण ते उंच यंत्र विकत घ्यायचं विणकराने, कर्ज काढून. त्यासाठी क्र्वा-रूसच्या टेकडीवर जवळजवळ चार मीटर उंचीच्या खोल्या बांधल्या गेल्या, त्यांचं भाडंही त्यानेच भरायचं. १८०६मध्ये ल्योंमध्ये मालक-कारागीर तंटे सोडवणारं पहिलं पंचमंडळ बसलं. पंच नऊ, त्यांत व्यापारी पाच आणि स्वतःचे माग असलेले विणकर चार. रोजंदारीवरच्या साध्या कारागिराला जागाच नाही. न्याय तर झाला पाहिजे, पण एका मताने आपल्या बाजूला झुकलेला!

ऑक्टोबर १८३१मध्ये विणकरांनी पुन्हा तीच मागणी केली, किमान दराची. प्रीफेक्टने, म्हणजे सरकारने नेमलेल्या तिथल्या मुख्य अधिकाऱ्याने, दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींना बसवून दरपत्रक करवून घेतलं, काही व्यापाऱ्यांनी ते पाळायला नकार दिला, आणि नोव्हेंबरमध्ये क्र्वा-रूसवरून काळं निशाण घेऊन विणकर खाली उतरले. निशाणावर लिहिलं होतं, काम करून जगू नाहीतर लढून मरू. काही दिवस अख्खं शहर त्यांच्या हातात होतं. डिसेंबरमध्ये वीस हजारांची फौज आत आली, दरपत्रक रद्द झालं, ते घडवून आणणाऱ्या प्रीफेक्टला हटवलं गेलं. कारण तेच, १७८६चं: मजुरी आपापसात ठरवावी, सरकारने मध्ये पडू नये. या वेळी राज्य सरदारांचं नव्हतं, बँकवाल्यांचं होतं. पंतप्रधान काझिमिर पेरिये स्वतः बँकर घराण्यातला. आणि त्या मागांवरचं कापडही आता फारसं व्हर्सायला जात नव्हतं. त्यातलं बरंचसं बोटीने लंडनला आणि न्यूयॉर्कला निघालं होतं, जिथे ते नेसणाऱ्या बाईने कानू, म्हणजे ल्योंचा रेशीम विणकर, हा शब्दही कधी ऐकला नव्हता.